दोनशे ऐंशी घोडे आणि भुलीच्या बाई

टायरच्या दुकानात किस्से साचतात ते जुन्या टायरांसारखेच. टाकून द्यायला जीव होत नाही, ठेवायला जागा नसते, आणि पावसाळा आला की त्यात डास होतात ते वेगळंच! चंद्रपुरात नागपूर रोडवर आमचं दुकान होतं. रशीदभाई आणि मी, दोघांची भागीदारी. रशीदभाई टायर काढणार, बसवणार, पंक्चर शोधणार. मी गिऱ्हाइकाशी बोलणार, माल मागवणार आणि काळजी करणार. "काळजी मधुभाऊच्या खात्यात हाय," असं रशीदभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि ते खरंही होतं.

कोळशाच्या ट्रकांचे किस्से कोणीही सांगेल. मी सांगतो ते एकाच गाडीचे. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं त्या गाडीनं मला जी काळजी लावली होती, ती आजही आठवण निघाली की जागी होते.

*

गाडी होती डॉक्टर बाईंची. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देणाऱ्या डॉक्टर त्या. अख्खं चंद्रपूर त्यांना भुलीच्या बाई म्हणायचं, खरं नाव फक्त दवाखान्याच्या पाटीला माहीत. त्या वेळी आमच्याकडे सर्जन गावोगावी झाले होते, पण भूल देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मूल, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, कुठूनही फोन यायचा आणि बाई बॅग उचलून निघायच्या. त्या पोचेपर्यंत पेशंट टेबलावर आणि सर्जन हात धुऊन उभा!

एके सकाळी दुकानासमोर एक गाडी येऊन थांबली. दोन दारांची, जपानी, इतकी बुटकी की आमच्या पायरीपेक्षा तिचं टप खाली वाटावं. बाईंच्या धाकट्या भावानं हौसेनं घेतली होती. तो परदेशात गेला आणि जाताना बहिणीच्या गळ्यात घालून गेला. आतून बाई उतरल्या. कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट.

रशीदभाईंची एक पद्धत होती. ट्रक असो की स्कूटर, प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिले दोनच प्रश्न. "माल किती टन? रोड कोणता?"

"माल म्हणजे मी एकटी, अन् ही बॅग," बाई म्हणाल्या. "रोड गडचिरोलीचा."

"मग एवढे चौडे टायर काऊन?"

"इंजिन दोनशे ऐंशी हॉर्सपॉवरचं हाय ना, रशीदभाई."

रशीदभाईंनी गाडीला एक पूर्ण चक्कर मारली. चारही टायर बोटानं दाबून पाहिले. चारही तासून गुळगुळीत झालेले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मधुभाऊ, घोडे दोनशे ऐंशी, सवारी एक, अन् चपला फाटलेल्या!"

*

आता टायर निवडायचे. हे काम माझं. आणि आमच्याकडे टायर निवडतात ते वजनावर! टायर किती टन पेलतो, बस्स. ही गाडी वजनाची नव्हती, वेगाची होती. वेगाचा टायर आमच्या दुकानात कधी कोणी मागितलाच नव्हता.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. एका कोळसा ट्रान्सपोर्टवाल्यानं सांगितलं, जीपचे टायर टाका, विषय संपवा. भद्रावतीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले माझे मेहुणे म्हणाले, टायर राहू द्या, इंजिनच बदला. मी रोज कागदावर लिहायचो. कडक रबराचा टायर टिकतो, पण ओल्या रस्त्यावर घसरतो. मऊ रबराचा रस्ता धरून ठेवतो, पण आमच्या रस्त्यांवर आलेली गिट्टी त्याला आठ दिवसांत कापून काढेल. चूक झाली तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं, ही टायरच्या धंद्याची रीत. इथं चूक झाली तर गिऱ्हाईक परत येणारच नव्हतं. मला जेवण जाईना.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या डीलरला फोन लावला. तिकडून गोड आवाजात विचारणा झाली, "सर, गाडी ट्रॅकवर चालवणार की रोडवर?"

"रोडवर."

"ओके. कुठला रोड?"

"चंद्रपूर ते गडचिरोली."

तिकडे कागदाची सळसळ. नकाशा काढला असावा. "जंगल दिसतंय सर. रोड आहे ना पण?"

मी खरं तेच सांगितलं. "अर्ध्यापर्यंत आहे!"

त्या माणसानं मात्र शहाणा सल्ला दिला. रिम एका नंबरानं लहान करा, रबराची उंची वाढवा, म्हणजे खड्डा रबर खाईल, रिम नाही. आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचा, पावसाळी टायर घ्या. कोरड्या रस्त्यावर थोडा मार खाल्ला तरी चालेल. मी तेच मागवले.

*

टायर यायला महिना लागणार होता. तेवढ्यात मी बाईंना गाठलंच. "बाई, रागावू नका. पण ही गाडी विकून टाका ना. साधी गाडी घ्या. पोचाल थोड्या उशिरा."

बाई स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"माह्याजवळ साधीच गाडी होती, मधुभाऊ. लहान. दोन वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीहून फोन आला. बाळंतीण होती, खेड्यातून बैलगाडीनं आणलेली. मी निघाली. गाडी सत्तरच्या वर जाईना. पोचली तं सर्जन दारातच उभे. हातमोजे काढून राह्यले होते. वीस मिनिटं उशीर झाला होता."

रशीदभाई हातात टायर उचकटायची टॉमी घेऊन उभे होते. त्यांना बाईंना त्या दोषातून कसंतरी सोडवायचं होतं बहुतेक. ते म्हणाले, "उस दिन हवा कम असंल, बाई. चेक केली होती का?"

"हवा बरोबर होती, रशीदभाई," बाई म्हणाल्या. "गाडीच लहान होती."

गाडी विका असं मी त्यानंतर कधी बोललो नाही.

*

रशीदभाईंचा कान हा आमच्या दुकानाचा मान होता. ट्रकच्या टायरवर लोखंडी टॉमी हाणायचे आणि आवाजावरून हवा सांगायचे. मीटर लावा, एक-दोन पौंडांचा फरक! लांबून ड्रायव्हर हे पाहायला यायचे.

बाईंच्या गाडीचे नवे टायर बसले आणि पंधरा दिवसांत मागच्या एका चाकाची हवा हळूहळू उतरायला लागली. रशीदभाईंनी टॉमी हाणली. कान लावला. पुन्हा हाणली. "हा टायर बोलतच नाई!" ते म्हणाले. चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. मग चाक काढून पाण्याच्या टाक्यात बुडवायला ते टाकं भरू लागले.

बाईंना वेळ नव्हता, वरोऱ्याला पेशंट होता. त्यांनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला, कानाला लावला आणि खाली बसून टायरवर फिरवायला सुरुवात केली. ट्रकवाले टपावरून उतरून पाहायला लागले. एका जागी बाई थांबल्या. "इथी."

रशीदभाईंनी थुंकी लावली. बुडबुडा आला!

आठवडाभर ते कोणाशी नीट बोलले नाहीत. मग एक दिवस हळूच मला म्हणाले, "मधुभाऊ, ते कानाचं मशीन कुठी भेटते?"

*

टायर मी निवडले होते, पण चालत्या गाडीत ते कसे वागतात हे मी कुठं पाहिलं होतं? तेच मला खात होतं. मी बाईंना तसं बोललो. त्या म्हणाल्या, "मग चला ना. उद्या गडचिरोलीलेच चालली."

चला म्हणाल्या आणि मी गेलो. सीट इतकी खाली की आपण रस्त्यावरच मांडी घालून बसलोय असं वाटत होतं. लोहाऱ्याच्या पुढे जंगल लागलं आणि बाईंनी पाय दाबला. मी देवाचं नाव सोडून सगळं विसरलो. सागाची झाडं झाडं राहिलीच नाहीत, एक हिरवी भिंत झाली.

"बाई, ऐंशीच्या वर नका ना नेऊ!"

"तुम्ही काट्याकडे पाहून नका राहू, मधुभाऊ. टायर आयका."

मी ऐकले. बारीक, एकसारखा आवाज होता, त्यात खरखर नव्हती. चिचपल्लीजवळ वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला, मीही माझ्या बाजूला जमिनीत पाय रोवला. गाडी सरळ रेषेत थांबली, शेवटची शेळी बॉनेटला नाक लावून गेली. टायर चांगले निघाले होते. मी मात्र गडचिरोलीपर्यंत पाय तसाच रोवून बसलो होतो.

"दोन तासांनी वापस निघू," बाई दवाखान्यात शिरताना म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे बाई. माझं इथी थोडं काम हाय."

"कुठी?"

"एसटी स्टँडवर!"

तेव्हापासून एक नियम झाला. बाई दुकानावरून जाताना मी बाहेर येऊन ओरडायचो, "पावसात ऐंशीच्या वर नाई!" बाई काच खाली करून "बरं" म्हणायच्या. दोघांनाही माहीत होतं की त्या ऐकणार नाहीत. पण ओरडल्याशिवाय मला चैन पडत नसे.

*

हा किस्सा मी हसत सांगू शकत नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये बाईंची गाडी हवापाण्यासाठी आली. ट्रकवाल्यांची एक पद्धत आहे. पावसाळा लागायच्या आधी टायर आलटूनपालटून घ्यायचे, डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, म्हणजे सगळे सारखे झिजतात. रशीदभाईंनी तीस वर्षं हेच केलं होतं. त्याच मायेनं त्यांनी बाईंचेही टायर बदलले. मी तिथंच उभा होतो, बडबडत होतो, चहा पीत होतो.

पण हे टायर तसे नव्हते. त्यांच्या खाचा एकाच दिशेनं पाणी फेकतात, म्हणून कडेला बाण काढलेला असतो. मीच मागवलेले टायर! तो बाण माझ्या डोळ्यांसमोरून फिरला आणि मला दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस. दुपारी फोन वाजला. बाई मूलच्या एसटीडी बूथवरून बोलत होत्या. आवाज नेहमीसारखा, शांत.

"मधुभाऊ, गाडी पाण्यावरून घसरली. दोन गिरक्या खाल्ल्या अन् सागाच्या झाडाच्या हातभर अलीकडे थांबली. मले काई झालं नाई. मी खाली उतरून पाह्यलं. टायरवरचे बाण मागच्या बाजूले असतेत का हो?"

मी फोन धरून तसाच खाली बसलो. संध्याकाळी बाई गाडी हळूहळू चालवत आल्या. रशीदभाईंनी टायर परत बदलले. मग आत गेले, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि त्या चकचकीत जपानी गाडीच्या चारही चाकांच्या वर, पत्र्यावर, वीतभर लांबीचे बाण रंगवून मोकळे झाले!

मी डोक्याला हात लावला. बाईंनी गाडीला चक्कर मारून चारही बाण पाहिले.

"बरं केलं, रशीदभाई," त्या म्हणाल्या. "आता कुठी जायचं ते गाडीलेबी समजंल!"

रशीदभाई हसले नाहीत. पुढचे चार शुक्रवार मशिदीतून येताना ते बाईंच्या दवाखान्यापुढून वळसा घालून यायचे, गाडी जागेवर उभी आहे का ते पाहायला. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बाईंच्या कंपाउंडरनं सांगितलं.

*

आता शेवटचा.

माझी मुलगी प्रज्ञा गडचिरोलीला दिलेली. जावई शाळेत मास्तर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ऑगस्टात मी आणि बायको तिला आणायला गेलो. डॉक्टरांनी अजून तीन आठवडे सांगितले होते. आम्ही सकाळी दहाला पोचलो, अकराला तिला कळा सुरू झाल्या, आणि साडेअकराला तिला घेऊन दवाखान्यात! बाहेर पावसानं झोड उठवली होती.

तपासून सर्जन बाहेर आले. "बाळाचे ठोके कमी होऊन राह्यले. ऑपरेशन करा लागंल, अन् लवकर. पण आमचे भुलीचे डॉक्टर कालच नागपूरले गेले. चंद्रपूरले फोन लावतो." त्यांनी माझ्यासमोरच फोन फिरवला, पेशंट कोणाची मुलगी तेही सांगितलं, आणि मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. "मॅडमले तुमच्याशी बोलायचं हाय."

"मधुभाऊ," तिकडून बाईंचा आवाज. "इथी पाऊस लई हाय. सांगा, ऐंशीनं येऊ?"

हो म्हणावं तर आत प्रज्ञा. नाही म्हणावं तर रस्त्यावर बाई. ते टायर मीच निवडलेले, तो बाण मीच न पाहिलेला. मी नुसता रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो. जावई माझ्याकडे पाहत होता, बायको पाहत होती.

"समजलं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काय समजलं, ते मला आजही माहीत नाही.

त्या काळात जंगलात मोबाइल लागत नसे. बाई निघाल्या म्हणजे पोचेपर्यंत त्या कुठंच नव्हत्या. मी घड्याळ पाहत मनातल्या मनात रस्ता चालवत होतो. आता लोहारा. आता चिचपल्ली, तिथलं वळण. आता मूल. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल, त्यावर पाणी साचत असेल. दर वेळी गाडी मी थोडी हळू चालवायचो, मग आतून प्रज्ञाच्या कण्हण्याचा आवाज यायचा आणि पुन्हा जोरात चालवायचो. बायको म्हणाली, "बसा ना जरा." मला बसवेना. मी भिजत गेटवर जाऊन उभा राहिलो.

ऐंशी किलोमीटरचा तो रस्ता, आणि तास पुरा व्हायच्या आत गाडी आली. टपापर्यंत चिखल, चार पांढरे बाण त्यातूनही दिसत होते. बाईंनी गेटमध्येच गाडी सोडली, बॅग घेऊन पळाल्या आणि जाता जाता किल्ली माझ्याकडे फेकली. "गाडी बाजूले घ्या, मधुभाऊ!"

ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर होतं. दार लागलं. सगळे वर धावले, मी गेलो नाही. गाडी कशीबशी बाजूला लावली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी खाली बसलो. टायर गरम होता, पावसाचं पाणी पडलं की त्यावरून वाफ निघायची. खाचांत रस्त्याची गिट्टी अडकलेली होती. मी गाडीच्या किल्लीनं एक खडा काढला. मग दुसरा. मग एक चाक झालं, तेव्हा दुसऱ्याकडे सरकलो. काचेचा एक तुकडा निघाला, तो लांब फेकला. गुडघे चिखलात, पाठीवर पाऊस. वर काय चाललंय ते मी ऐकत नव्हतो, ऐकायची हिंमतच नव्हती. मी फक्त खाच पाहत होतो आणि खडे काढत होतो.

तिसरं चाक संपत आलं तेव्हा वरची खिडकी उघडली. बायको होती. रडत होती की हसत होती, पावसात कळत नव्हतं.

"अहो, कुठी हाय तुमी? पोरगी झाली! आयकू येऊन राह्यलं का? दोघीबी बऱ्या हायेत! या ना वर!"

मी खालूनच ओरडलो, "आलो! एक चाक राह्यलं!"